परीक्षिताची तहान

सात दिवस भागवत ऐकूनही परीक्षिताला तक्षक नाग चावतोच. बारा स्कंध, परंपरेच्या मोजणीने अठरा हजार श्लोक, व्यासपुत्र शुकासारखा वक्ता, गंगेचा काठ, भोवती ऋषींची मांदियाळी. एवढं सगळं जुळून आलं तरी शाप टळत नाही आणि एक घटकाही वाढवून मिळत नाही. सातव्या दिवशी राजाचं शरीर विषाच्या आगीत राख होतं, तेही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मरणाच्या भयावर उतारा म्हणून ज्या ग्रंथाकडे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं गेलं, त्याने आपल्या मुख्य श्रोत्यालाच वाचवलेलं नाही. भागवताचा सगळ्यात मोठा प्रामाणिकपणा मला इथे दिसतो, आणि त्याचं बळही इथेच आहे असं वाटतं.

आमच्या नरखेड तालुक्यात संत्र्याच्या अंबिया बहाराची तोड आटोपते, हातात थोडा पैसा आणि थोडी सवड येते, आणि गावोगावी भागवत सप्ताहाचे मंडप पडू लागतात. पहाटे काकडा, दिवसा कथा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. देवळापुढे सतरंज्या अंथरलेल्या असतात आणि भोंग्याचा आवाज पार बगिच्यांपर्यंत जातो. कृष्णजन्माला पाळणा हलतो, रुक्मिणीच्या लग्नाला अक्षता पडतात, शेवटच्या दिवशी काला होतो, आलू-वांग्याची भाजी आणि पोळ्यांच्या पंगती उठतात. हे सगळं इतकं सवयीचं झालं आहे की एक गोष्ट सहज नजरेआड होते. पाळणा, लग्न, रास, गोवर्धन हे सगळं मुळात एका मरायला बसलेल्या माणसाला सांगितलेलं आहे. सतरंजीवर बसलेली प्रत्येक बाई, प्रत्येक बुवा ते सात दिवस परीक्षिताच्या जागेवर बसलेले असतात.

मरण या तालुक्याला अनोळखी नाही. 30 जुलै 1991 ला वर्धा नदीला आलेल्या महापुराने मोवाड गाव बुडवलं. दोनशेहून अधिक माणसं गेली, गाव नव्याने वसवावं लागलं. जी माणसं त्या पाण्यातून वाचली, त्यांच्यासमोर मृत्यू आणि ग्रंथ यांविषयी पोकळ काही बोलणं मला जमणार नाही. म्हणून भागवताची पारख मी त्याच्या सगळ्यात अवघड जागी करतो. परीक्षिताची गोष्ट नेमकी कशी रचली आहे, आणि भय जातं ते कोणत्या वाटेने?

गोष्ट सुरू होते ती तहानेने. अभिमन्यू आणि उत्तरेचा हा मुलगा, ज्याला गर्भातच अश्वत्थाम्याच्या ब्रह्मास्त्रापासून कृष्णाने वाचवलं, तो शिकारीला जातो आणि भुकेतहानेने कासावीस होऊन शमीक ऋषींच्या आश्रमात येतो. ऋषी ध्यानात आहेत. राजा पाणी मागतो, उत्तर येत नाही. आसन नाही, शब्द नाही. चिडून तो धनुष्याच्या टोकाने एक मेलेला साप उचलतो, ऋषींच्या गळ्यात टाकतो आणि निघून जातो. ऋषींचा कोवळा मुलगा शृंगी हे ऐकतो आणि शाप देतो, सातव्या दिवशी तक्षक याला डसेल. शमीक मात्र ध्यानातून बाहेर आल्यावर मुलालाच दोष देतात. इतक्या लहान अपराधाला इतकी मोठी शिक्षा दिली याचं त्यांना दुःख होतं.

घोटभर पाणी मिळालं नाही म्हणून हे सगळं घडलं, हे ध्यानात ठेवलं पाहिजे. भागवताचा कर्ता ते विसरलेला नाही.

हीच कथा महाभारताच्या आदिपर्वातही येते, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या की भागवताने काय केलं ते लख्ख कळतं. आदिपर्वातला परीक्षित शापाची बातमी आल्यावर मंत्र्यांशी मसलत करतो. एकाच खांबावर उभा असलेला महाल बांधवतो. भोवती पहारे, वैद्य, औषधं, मंत्र जाणणारे ब्राह्मण. राज्यकारभारही तिथूनच चालतो. विष उतरवण्याची विद्या असलेला काश्यप राजाला वाचवायला निघालेला असतो. तक्षक त्याला वाटेत गाठतो. वडाचं झाड डसून भस्म करून दाखवतो आणि काश्यप ते पुन्हा हिरवंगार उभं करतो. पण राजाचं आयुष्यच सरलं आहे हे त्याला कळतं आणि तो तक्षकाकडून धन घेऊन माघारी फिरतो. मग तक्षकाचे नाग तपस्व्यांच्या वेशात राजाकडे फळं घेऊन जातात. सातवा दिवस मावळत आलेला. राजा निर्धास्त होऊन फळ खायला घेतो तर त्यात एक इवलासा किडा. ऋषीचं वचन खोटं पडू नये म्हणून हाच तक्षक समजू, असं म्हणत राजा हसत हसत तो किडा स्वतःच्या मानेवर ठेवतो, आणि तोच तक्षक निघतो.

एका खांबावरचा महाल, दारोदार पहारा, आणि मरण आलं ते फळात बसून. बागाईतदाराला हे वेगळं समजावून सांगायला नको. कुंपण घातलं, फवारणी केली, राखणदार ठेवला, तरी वरून निकोप दिसणारं फळ आतून किडलेलं निघतं.

भागवतकाराने हा महाल काढूनच टाकला आहे. त्याचा परीक्षित शापाची बातमी कानावर पडण्याआधीच घरी बसून पस्तावलेला आहे. आपल्या हातून नीच कर्म झालं, याची शिक्षा आपल्याला व्हावी, असं तो स्वतःच म्हणतो. मग तक्षकाची वार्ता येते आणि ती त्याला उपकारासारखी वाटते. राज्य मुलगा जनमेजय याच्या हाती देऊन तो गंगेच्या काठी दर्भावर उत्तरेकडे तोंड करून बसतो आणि अन्नपाणी सोडतो. भिंत नाही, पहारा नाही, वैद्य नाही. जमलेल्या ऋषींना तो सांगतो, तक्षक येऊन खुशाल चावू दे, तुम्ही विष्णूच्या कथा गा. खांबावरच्या महालातून नदीच्या उघड्या काठावर, एवढा हा प्रवास. जो माणूस मृत्यूला दार लावत नाही, त्याच्याकडे ऐकण्यासाठी कान मोकळे उरतात. महालातल्या राजाला पहाऱ्याचीच चिंता होती, तिथे शुक आला असता तरी वर पोहोचला नसता.

शुक येतो तो सोळा वर्षांचा, अंगावर वस्त्र नसलेला, मागे पोरांचा घोळका. परीक्षित त्याला विचारतो, मरणाच्या दारात असलेल्या माणसाने काय करावं, काय ऐकावं, काय आठवावं? पुढचा सारा ग्रंथ या एका प्रश्नाचं उत्तर आहे. शुक आधी खट्वांग राजाची आठवण देतो. त्याच्या आयुष्याचा एक मुहूर्त उरला होता, तेवढ्यात त्याने सगळं सोडून हरीचा आश्रय घेतला. तुझ्याकडे तर सात दिवस आहेत, असं शुक म्हणतो. मरणाऱ्याला कोणीही तुझ्याजवळ वेळ थोडा आहे असंच म्हणेल. शुक त्याला वेळ भरपूर असल्याचं सांगतो. भयावरचा पहिला घाव इथेच बसतो.

इथे मला एक प्रश्न नेहमी थांबवतो. आत्मा मरत नाही हे शुकाला सांगायचंच होतं, तर पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? बाराव्या स्कंधाच्या पाचव्या अध्यायात तो ते तेरा श्लोकांत सांगतो. अर्ध्या घटकेचं काम. मग मधले सारे स्कंध कशासाठी? सृष्टीची उत्पत्ती, कपिलाने आईला दिलेली शिकवण, ध्रुव, पृथू, भरत, द्वीपं आणि समुद्र, सूर्यवंश, चंद्रवंश. आणि हे सारं शुक नुसतं लादत नाही, परीक्षित स्वतः विचारतो. पाचव्या स्कंधात भूमंडलाचा विस्तार किती, त्यात द्वीपं कोणती, हे तो खोलात जाऊन विचारतो. ज्याला ही पृथ्वी चार दिवसांत सोडायची आहे, तो तिचा आकार विचारतो आहे! भागवतातली ही जागा मला फार आवडते. भ्यालेल्या माणसाचं जग आक्रसतं. सगळा जीव छातीच्या एका ठोक्यात गोळा होतो. परीक्षिताचं जग दर दिवशी मोठं होत जातं. आत्मा अमर आहे ही माहिती भ्यालेल्या मनाला दिली तर ती कानावरून जाते. आधी मन स्वतःबाहेर यावं लागतं. ते बाहेर काढण्याचं काम गोष्टी करतात, आणि त्याला वेळ लागतो. सप्ताहाची लांबी ही औषधाचीच मात्रा आहे.

गोष्टींचा क्रमही बारकाईने लावलेला आहे. पाचव्या स्कंधाच्या शेवटी नरकांचं वर्णन येतं. घरात मयत झालं की तेरवीपर्यंत गरुडपुराण लावण्याची रीत आपल्याकडे आहे, त्यातल्या यममार्गाच्या वर्णनाने धस्स झालेली माणसं पुष्कळ. भागवतातही ते भय आहे. पण परीक्षित लगेच विचारतो, यातून सुटायचं कसं? आणि सहावा स्कंध अजामिळाच्या गोष्टीने उघडतो. आयुष्यभर वाट चुकलेला हा माणूस, मरणघटकेला पाश घेऊन आलेले तीन यमदूत पाहून घाबरून धाकट्या पोराला हाक मारतो, आणि पोराचं नाव असतं नारायण. हाक भयाची होती, देवाची नव्हती. तरी विष्णूचे दूत धावून येतात. भयालाही इथे वाया जाऊ दिलेलं नाही.

मृत्यूला चुकवू पाहणारी माणसंही परीक्षितासमोर एकामागून एक उभी केली आहेत. सातव्या स्कंधात हिरण्यकशिपू आहे. आत नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, माणसाकडून नको, पशूकडून नको, अशी यादी देऊन तो वर मागतो. शब्दांचा बांधलेला तो एकखांबी महालच. मरण उंबरठ्यावर, संध्याकाळी, नरसिंहाच्या रूपाने येतं. दहाव्या स्कंधात कंस आहे, आणि त्याची जागा तर विलक्षण आहे. कंसालाही परीक्षितासारखंच मरण आगाऊ कळलेलं आहे. देवकीचा आठवा मुलगा तुला मारील, अशी आकाशवाणी झाली आहे. दोघांच्या हाती एकच बातमी. कंस त्या बातमीने पाळण्यातली पोरं मारत सुटतो, परीक्षित त्याच बातमीने नदीकाठी येऊन बसतो. कंसाची अवस्था सांगताना भागवत म्हणतं की बसता, उठता, जेवता, झोपता त्याला सगळीकडे कृष्णच दिसू लागला. भक्ताला जे साधनेने मिळायचं ते त्याला भयाने मिळालं, पण त्यात गोडी नव्हती. हे सगळं ऐकणारा श्रोता स्वतः मरणाची तारीख ठाऊक असलेला आहे, हे मनात ठेवून दहावा स्कंध ऐकला की पाळण्याच्या गाण्यामागचा अंधारही जाणवू लागतो. कृष्णाचा जन्म कारागृहात झाला, ज्या घरात आधीची भावंडं मारली गेली होती.

या दहाव्या स्कंधाच्या तोंडाशीच परीक्षित एक वाक्य बोलून जातो, ज्याकडे घाईत कोणाचं लक्ष जात नाही. मी पाणीसुद्धा सोडलं आहे, तरी ही असह्य भूक मला पीडा देत नाही, कारण तुमच्या मुखातून झरणारं हरिकथेचं अमृत मी पितो आहे, असा त्याचा आशय. आता आरंभ आठवावा. हाच तो माणूस, ज्याला एका दुपारी घोटभर पाणी मिळालं नाही तेव्हा ध्यानस्थ म्हाताऱ्याच्या गळ्यात साप टाकण्याइतका तोल सुटला होता. आता कित्येक दिवस पाण्याचा थेंब नाही आणि तक्रार नाही. राजा बदलला आहे हे भागवतकार सांगत बसत नाही. ज्या तहानेने शाप ओढवला तीच तहान शमलेली दाखवतो आणि पुढे जातो. मरणाचं भय आणि ही तहान यांचं मूळ एकच आहे, देहाची हाक हीच शेवटची हाक आहे असं वाटणं. तहानेची पकड ढिली झाली तिथेच भयाची पकड सुटायला लागली होती. तक्षक यायला अजून अवकाश होता.

अकराव्या स्कंधात ग्रंथ सगळ्यात धाडसी पाऊल टाकतो. मरायला बसलेल्या राजाला तो देवाचंच जाणं ऐकवतो. यादव आपसांत लढून संपले आहेत. कृष्ण पिंपळाखाली एकटा बसलेला. जरा नावाच्या पारध्याला त्याचं पाऊल हरणाच्या तोंडासारखं दिसतं आणि तो बाण मारतो. जवळ येऊन पाहतो तर थरथर कापत पायांवर कोसळतो. ज्याला बाण लागला तोच त्याला म्हणतो, भिऊ नकोस, ऊठ. परीक्षिताने हे कसं ऐकलं असेल? ज्याने आपल्याला आईच्या पोटात वाचवलं, तो बाण लागल्यावर मारणाऱ्याला अभय देऊन गेला. अभयाचा सगळ्यात मोठा धडा वैकुंठातून आलेला नाही, जखमी पावलाजवळ दिलेला आहे.

हा स्कंध मराठीचा विशेष लाडका, आणि त्यात आमच्या शेजारचाही वाटा आहे. वर्धा ओलांडली की वरूड-मोर्शीचा पट्टा, त्यात महानुभावांचं रिद्धपूर. त्या पंथाच्या भास्करभट्ट बोरीकरांनी याच स्कंधावर उद्धवगीता रचली. पुढे पैठणच्या एकनाथांनी त्यावर ओवीबद्ध टीका लिहिली आणि 1573 मध्ये काशीत ती पूर्ण केली. संस्कृत पंडितांच्या नगरीत मराठीत सांगितलेलं हे एकनाथी भागवत आजही वारकऱ्यांच्या घरात वाचलं जातं. बारा स्कंधांतून आपल्या लोकांनी पुन्हा पुन्हा हाच निवडला, ज्यात देव निरोप घेतो. मरणाकडे पाठ फिरवणाऱ्या समाजाची ही निवड नव्हे.

मग येतो तो तेरा श्लोकांचा अध्याय. शुकाचा सूर इथे पालटतो. कथा संपली, आता थेट बोलणं. मी मरणार ही पशूसारखी समजूत टाकून दे, असं तो राजाला ठणकावतो. देह आधी नव्हता आणि मग झाला, तसा तू झालेला नाहीस. स्वप्नात माणूस स्वतःचं डोकं उडालेलं पाहतो, पाहणारा मात्र शाबूत असतो. घडा फुटला तर आतलं आकाश फुटत नाही. आणि शेवटी तो तक्षकाचं नाव घेतो. विषाने भरलेल्या तोंडाने तो तुझ्या पायाला चावेल, तेव्हा तुला देह आणि जग स्वतःहून वेगळं दिसणारच नाही. भ्यालेल्या माणसासमोर लोक सापाचं नाव काढत नाहीत, गुरू नेमकं तेच काढतो, चावा कुठे बसेल तेही सांगतो. ज्याचं नाव घेता येत नाही त्याचंच भय वाटतं, एवढं शुकाला ठाऊक आहे.

परीक्षित उत्तर देतो की आता तक्षकाचं काय, कुठल्याच मरणाचं भय मला राहिलेलं नाही. शुकाला निरोप देतो आणि झाडासारखा निश्चल बसतो. काश्यप इथेही धन घेऊन परत जातो, तक्षक ब्राह्मणाच्या वेशात येतो, डसतो, देह राख होतो. ग्रंथ दोन-तीन श्लोकांत हे उरकतो. डसण्याच्या प्रसंगात नाट्य उरलेलंच नाही, कारण ज्याला मरायचं होतं तो आधीच तिथून उठून गेला आहे.

पण ग्रंथ इथे थांबत नाही, आणि मोवाडच्या आठवणीने मी जो प्रश्न घेऊन बसलो त्याचं उत्तर इथून पुढे लागतं. पुरात गेलेल्यांना सात दिवस मिळाले नव्हते, खट्वांगाचा मुहूर्तही मिळाला नव्हता. आणि मागे राहिलेल्यांचं काय? भागवत लगेच जनमेजयाकडे वळतं. बापाने शांतपणे देह ठेवला, पण मुलगा पेटून उठतो आणि जगातले सगळे साप जाळण्यासाठी सर्पसत्र मांडतो. परीक्षिताची शांती वारशाने मुलाला मिळालेली नाही. मरणाऱ्याचं भय आणि उरलेल्याचा शोक ही दोन वेगळी दुखणी आहेत, हे ग्रंथ ओळखतो. बृहस्पती येऊन जनमेजयाला समजावतो की जगणं-मरणं ज्याच्या त्याच्या कर्माने होतं, साप, आग, वीज ही निमित्तं आहेत. जनमेजय यज्ञ थांबवतो. ज्याने पाण्यात माणसं गमावली त्याला एवढ्याने समाधान होईल असं मी म्हणणार नाही. ग्रंथही तसं म्हणत नाही. त्याने मागे राहिलेल्याचा राग नोंदवून ठेवला, शोकाला गोष्टीत जागा दिली, आणि त्या रागाने आणखी जीव जाऊ नयेत एवढं पाहिलं. माझ्या लेखी हे मोठं आहे.

कथाकार नेहमी सांगतात की माणूस मरतो तो सात वारांपैकीच एका वारी, म्हणून प्रत्येकाजवळ परीक्षिताइतकेच दिवस. हे खरंच आहे. पण मोवाड त्यात एक भर घालतं. ते सात दिवस आपल्याला आधीच, धडधाकट असताना, बहार चांगला विकला गेला असताना काढून ठेवावे लागतात. स्वतःला पिकलं पान म्हणवणाऱ्या म्हाताऱ्यांपुरता हा ग्रंथ नाही. मंडपात मागच्या रांगेला मोबाईल पाहत बसलेल्या पोरांचाही तो आहे. कदाचित त्यांचाच जास्त, कारण महाल बांधण्याचं वय त्यांचं आहे.

म्हणून सप्ताह बसवणाऱ्या मंडळींना माझं एक मागणं आहे. सातव्या दिवशी अनेकदा सुदाम्याची गोष्ट रंगते, तोवर काल्याची वेळ होते, स्वयंपाक तयार असतो, आणि परीक्षिताचा मोक्ष दोन वाक्यांत आटोपतो. तसं होऊ देऊ नका. ते तेरा श्लोक अर्थासकट सावकाश सांगा. तक्षक येऊ द्या, जनमेजयाचा रागही सांगा. पंगत तासभर उशिरा बसली तरी कोणी उपाशी जाणार नाही. सहा दिवस ज्या प्रश्नासाठी बसलो त्याचं उत्तर त्या तासात आहे, आणि अन्नपाणी सोडून बसलेल्या राजाने ते मिळवलेलं आहे. जेवणाच्या घाईत ते आपण हातचं घालवू नये.